नळ आला तर घरी, नाही आला तर अन्नपूर्णा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सुरातली आहेत: "ताई, व्यायामाला सुरुवात होते, पण टिकत नाही." त्यांतली तीन घेते. नावं छापत नाही. इंदूरमधली मराठी घरं एकमेकांना ओळखून आहेत, आणि कुणाच्या कमरेचं माप दुसऱ्याच्या हळदीकुंकवात निघावं अशी माझी इच्छा नाही.

प्रश्न: ताई, मी ४३ वर्षांची, सुदामा नगरला राहते. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. दिवाळीनंतर सकाळी चालायला लागले. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो उतरलं, घरात कौतुक झालं, मग काटा जो अडकला तो अडकलाच. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही सकाळीच. सासूबाईंचे गुडघे धरलेले, मुलाचा कोचिंगचा डबा. चार दिवस चालते, दोन दिवस चुकतात, मग आठवडाच जातो. यजमान म्हणतात, "हिचा उत्साह पंधरा दिवसांचा." माझ्यात चिकाटीच नाही का? उत्साह टिकवायला काय करू?

उत्तर: पाणी भरायला तुमच्याकडे कोण उठतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्र वाचून समजलं. आता मला सांगा, नळाला तुम्ही कधी दांडी मारली आहे? थंडीत, तापात, माहेरहून रात्री उशिरा परतलात त्याच्या दुसऱ्या दिवशी? नाही ना. आणि त्यासाठी उत्साह लागला? तोही नाही. म्हणजे चिकाटी तुमच्याकडे भरपूर आहे. यजमानांना हे वाचायला द्या.

मी शाळेत खेळाची बाई होते. खेळाच्या तासाला धावत येणाऱ्या मुली मोजक्याच, बाकीच्या पाय ओढत यायच्या; पण घंटा झाली की यायच्या, आणि दहा मिनिटांनी त्यांनाच मैदानावरून हाकलावं लागायचं. तुमच्या चालण्याला घंटा नाही. नळाला वेळ आहे, आणि तुम्ही उठला नाहीत तर घर खोळंबतं. चालायला गेला नाहीत तर कुणाचंच अडत नाही, उलट सगळ्यांना बरं पडतं: गरम चहा हातात मिळतो. त्यामुळे उत्साहाचं राहू द्या, आधी वेळापत्रकाचं बघू.

ज्या दिवशी नळ आहे त्या दिवशी बाहेर पडायचंच नाही. ज्या दिवशी नाही त्या दिवशी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाऊन यायचं, ४५ मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. आठवड्याला कधी तीन दिवस येतील, कधी चार. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चार दिवसांत तुमची १८० होतात, तीन दिवसांच्या आठवड्यात १३५, आणि पंधरवड्याचा हिशेब बरोबर जमतो. आज जायचं की नाही हा रोज सकाळचा वाद यात उरतच नाही. नळ ठरवतो.

आता नळाचा दिवस. टाकी भरेपर्यंत तुम्ही मोटरजवळच उभ्या असता. त्या वीस मिनिटांत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, ओट्याला हात टेकवून दहा दंड, टाचा उचलून पंधरा वेळा उभं राहणं, मग दोन्ही हातांत अर्धी अर्धी बादली घेऊन अंगणात दोन फेऱ्या. हे सगळं तीनदा. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि नुसत्या चालण्यानं ते राखले जात नाहीत; म्हणून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा हवाच. बादली उचलताना गुडघ्यात वाका, कंबरेत नाही. एवढं मात्र माझ्यासाठी लक्षात ठेवा, कारण कंबर धरली की सहा आठवडे गेले.

अडकलेल्या काट्याबद्दल. पहिल्या महिन्यातले साडेतीन किलो सगळे चरबीचे नव्हते. खाणं कमी केलं की शरीर आधी स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेच्या दरेक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. ते पाणी गेलं, काटा धाडकन खाली आला, तुम्ही खूश. पुढचं काम चरबीचं, ते सावकाशीचं. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुमचं ४५ मिनिटांचं चालणं दोनशेच्या आसपास. तुम्हीच भागाकार करून बघा! आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम उतरलं, आणि पाळीच्या आधी किंवा लोणचं-पापडाच्या जेवणानंतर किलोभर चढलं तर ते पाणीच. काटा आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. काटा हलत नाही आणि टेप उतरते आहे असे महिने येतात. ते महिने वाया गेले असं समजू नका.

चालून सगळं होत नाही, हे त्या भागाकारातून कळलंच असेल. उरलेलं स्वयंपाकघरात आहे. स्वतःसाठी वेगळं, बेचव, उकडलेलं काही करू नका. दोन स्वयंपाक करणारी बाई तिसऱ्या आठवड्यात दमते आणि दोष डाएटला देते. सगळ्यांच्याच जेवणातलं तेल मोजा. सोयाबीनचा पाच लिटरचा कॅन उघडला की त्यावर स्केचपेननं तारीख घाला. चार माणसांत तो महिनाभरात संपत असेल तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम तेल, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, पोटात जाते आहे. हाच कॅन ४५ ते ५० दिवस पुरवायचा. फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला की निम्मं काम होतं. सासूबाई एकदा "भाजी कोरडी झाली गं" म्हणतील. म्हणू द्या.

राहिला चहा आणि डबा. बिननळाच्या सकाळी दोन्ही यजमानांकडे. पोळ्या रात्री लाटून ठेवा, भाजी चिरून ठेवा, गॅस पेटवायला त्यांना जमतं. हे गोड बोलून, पण स्पष्ट, आणि मुलासमोर सांगा. घरचा माणूस सकाळचा पाऊण तास देणार नसेल तर बाईनं "माझ्यात चिकाटी नाही" म्हणून स्वतःला बोल लावत बसू नये.

थायरॉइड तपासलंत का? नसेल तर तपासा. साखर आणि रक्तदाबही. दम लागून छातीत दाटलं तर चालणं थांबवून आधी डॉक्टर.

प्रश्न: नमस्कार ताई. वय ३४, सुपर कॉरिडॉरवर कंपनीत आहे. वजन ९२. जिमची वर्षाची फी भरली आणि महिनाभर गेलो. रात्री नऊला सुटतो, मित्र थेट सराफ्यात खायला नेतात. सकाळी डोळा उघडत नाही. फिटनेसचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस जोर येतो, मग पुन्हा तेच. सराफा सोडावाच लागेल का?

उत्तर: बाळा, इंदुरात राहून सराफा सोडलास तर मित्र जातील, आणि वजन तरीही राहील. सोडू नकोस. वार ठरव. शनिवार म्हण.

सराफ्याची खरी अडचण पदार्थांपेक्षा वेळेची आहे. सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात तेव्हा तिथे खाण्याचे ओटे मांडले जातात, आणि रात्री दोनपर्यंत वर्दळ हलत नाही. तू बाराला घरी येतोस, एकला झोपतोस, मग सकाळचा व्यायाम कुठून होणार? अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तीही गोडाची आणि तळणाची. ऑफिसला जाताना पोह्यांच्या ठेल्यावर उभा राहतोसच, लिहिलं नसलंस तरी.

पोह्यांना मी दोष देत नाही. आपले इंदुरी पोहे वाफेवर धरलेले असतात, तेल बेताचं. पाप वरच्या शेवेचं आणि बाजूच्या जलेबीचं. शंभर ग्रॅम जलेबीत साडेतीनशे ते चारशे कॅलरी, मूठभर शेवेत दीडशेच्या वर. जिरावन मसाला मागून घे, कांदा दुप्पट घाल, शेव चिमूटभर, जलेबी रविवारी. सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा मित्रांत वाटून. गराडू म्हणजे तळलेला कंद, थंडीतला, एका प्लेटमधून चौघांनी खाल्ला तर कुणी मरत नाही. आणि शिकंजी! बाहेरगावचे पाहुणे लिंबूसरबत समजून मागतात. आपली शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, सुकामेवा. ते पेय नव्हे, जेवण आहे. ती प्यायलास तर तीच प्यायची, वर रबडी नाही. गाडी राजवाड्यापासून लांब लाव, तेवढंच चालणं.

जिमचं सांगते. सकाळचं विसर. तुझी सकाळ बिघडलेली आहे आणि ती सुधारायला सहा महिने लागतील. तोवर थांबायचं का? जिम घराजवळची घेतली असशील, सगळे तेच करतात. ती ऑफिसच्या वाटेवर असायला हवी. एकदा घरी येऊन बूट काढले की कुणीही परत बाहेर पडत नाही, मीही नाही. फी बदलून मिळते का विचार, नाहीतर ऑफिसमधून सुटल्यावर घरी न जाता थेट जिमला, मंगळवार आणि गुरुवार, पाऊण तास. कपड्यांची पिशवी गाडीच्या डिकीत कायमची. दोनच दिवस. तिसरा दिवस मनात आला तर जा, पण ठरवू नकोस, कारण ठरवलेला तिसरा दिवस चुकला की तुझ्यासारखी मुलं पहिले दोनही सोडतात.

व्हिडिओ बघून येणारा जोर बघेपर्यंतच टिकतो. त्यापेक्षा तारीख शोध. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांबरोबर, म्हणजे चित्ररथांबरोबर, आखाड्यांचे पठ्ठे रात्रभर लाठी आणि तलवार फिरवत जातात ना? ती मुलं आधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी मैदानात असतात. त्यांना विचार, रोज उत्साह असतो का. तारीख ठरलेली असते, उस्ताद नाव घेऊन हाक मारतो आणि जोडीदार लाठी घेऊन समोर उभा असतो. तूही एक जोडीदार धर, ऑफिसातलाच. जो गेला नाही त्यानं दुसऱ्याला शनिवारी सराफा खिलवायचा. (हा उपाय उलटा फिरू शकतो याची मला कल्पना आहे.)

कमर मोजलीस का? पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर या महिन्यात उपाशीपोटी साखर, चरबी, रक्तदाब तपासून घे. चौतिसाव्या वर्षी कळलेलं बरं.

प्रश्न: मी ५२ वर्षांची, तिलक नगर. वजन ८८, मधुमेह आहे. शेजारच्या बाईंनी आठवड्याचं इंजेक्शन घेऊन बरंच वजन कमी केलं. मला चालण्याचा कंटाळा आहे, खरं सांगते. मीही घेऊ का? लोक म्हणतात ही पळवाट आहे.

उत्तर: लोकांना मधुमेह नाही, तुम्हाला आहे. पळवाट वगैरे मी म्हणणार नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली आणि ती काम करतात: भूक कमी होते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. पण शेजारणीच्या चिठ्ठीवर किंवा केमिस्टच्या सल्ल्यावर घ्यायची ही वस्तू नाही. तुमची मधुमेहाची आधीची औषधं चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते, डोस बदलावे लागतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता सुरुवातीला बऱ्याच जणांना होते. आणि खर्च किती महिने झेपेल ते आजच बघा, कारण बंद केल्यावर गेलेलं वजन बहुतेकांचं बरंचसं परत येतं.

शेजारणीनं सांगितलं नसेल ते असं: भूक गेली की माणूस पोळी-भातच काय, डाळ-पनीरही खात नाही, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. तेव्हा इंजेक्शन घेतलंत तरी दरेक जेवणात वाटीभर घट्ट वरण, दही, पनीर, अंडं खात असाल तर अंडं, आणि पहिल्या उत्तरातला खुर्चीचा व्यायाम तुम्हालाही लागू. चालण्याचा कंटाळा चालेल, खुर्चीचा चालणार नाही. मालिका बघता बघता करा, जाहिरात लागली की उठायचं.

पुढच्या अंकात गुडघेदुखीची पत्रं घेणार आहे. लिहिताना वय, उंची, वजन, कमरेचं माप आणि चालू औषधं लिहा. "थोडंसं जाड" असं लिहिलेल्या पत्राला मला उत्तर देता येत नाही.