तरंगांचा अभ्यास सुरू करताना

सूत्रे पाठ करण्याआधी एकदा सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसा आणि खडा पडल्यावर पसरणाऱ्या तरंगांवरचे एखादे पान पाहा. तरंग काठापर्यंत येतो, पान मात्र जवळजवळ जागीच वरखाली होते. पुढे जाते ती ऊर्जा, पाणी नव्हे.

तिथल्याच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम दुरून पाहिले असेल, तर उजेड आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो हे तुम्ही अनुभवलेच असेल. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, तर ध्वनी २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ३४३ मीटर; म्हणून मधले सेकंद मोजून त्यांना ३ ने भागले की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ४० अंशांना, ध्वनीचा वेग ३५५ मीटरच्या आसपास पोहोचतो, कारण तापलेल्या हवेचे रेणू अधिक वेगाने हालतात.

माझ्या मते नवशिके सर्वाधिक अडखळतात ते वारंवारतेपाशी, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात त्या संख्येपाशी. ध्वनी हवेतून पाण्यात शिरला की त्याचा वेग आणि तरंगलांबी (लागोपाठच्या दोन तरंगांमधील अंतर) दोन्ही वाढतात, परंतु वारंवारता तीच राहते, कारण ती माध्यम नव्हे तर स्रोत ठरवतो. हे नीट समजेपर्यंत प्रकाशाच्या अपवर्तनाकडे, म्हणजे माध्यम बदलताना त्याची दिशा बदलण्याकडे, वळू नका.