गॅसचं भलतंच बटण फिरवलं जातं, हा वेंधळेपणा आहे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चार बर्नरची नवीन शेगडी घेऊन तीन महिने झाले, तरी दोन-चार दिवसांआड भलतंच बटण फिरवलं जातं. परवा दुधाखालचा गॅस बंद करायला गेलात, बंद झाला भाताखालचा, आणि दूध उतू गेलं. घरचे म्हणतात, "लक्ष कुठं असतं तुझं?" जुन्या दोन बर्नरच्या शेगडीवर पंधरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तुम्ही विचारलंय, हा वयाचा परिणाम की वेंधळेपणा, आणि सवयीनं जाईल का?

दोन्हीपैकी काहीही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. नेमक्या याच चुकीवर शेगडी समोर ठेवून प्रयोग झालेला आहे, आणि तो करणाऱ्या माणसाला हा नाद लागला तो दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांमुळे.

अमेरिकेचं बी-१७ हे चार इंजिनांचं प्रचंड विमान. मोहिमेवरून परत यायचं, धावपट्टीवर नीट उतरायचं, आणि उतरून झाल्यावर, सगळा धोका टळल्यावर, धावता धावता पोटावर बसायचं. पंख्यांची पाती वाकायची, विमानाचं पोट खरवडून निघायचं. कारण असं की उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडलेले असतात आणि विमान जमिनीला टेकलं की वैमानिक ते वर घेतो. इथे वैमानिक फ्लॅपऐवजी चाकंच वर घेत होते. बी-१७ एकटंच नव्हतं, इतर काही विमानांतही हेच चाललं होतं. युद्धातल्या २२ महिन्यांत अमेरिकी हवाई दलात ४०० हून जास्त अपघात या एका गल्लतीच्या खात्यावर जमा झाले. अहवालात कारण लिहिलं जायचं 'वैमानिकाची चूक'. तुमच्या घरात तुम्हाला जे ऐकावं लागतं, त्याचंच हे सरकारी रूप.

ओहायोतल्या डेटनजवळ राइट फील्ड नावाचा हवाई दलाचा तळ होता. तिथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेत १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चॅपॅनिस नावाचा मानसशास्त्रज्ञ रुजू झाला. येल विद्यापीठातून नुकताच डॉक्टरेट घेऊन आलेला, वय पंचविशीच्या आसपास. ही मुलं दमतात का, घाबरतात का, त्यांचं लक्ष उडतं का, असेच प्रश्न मानसशास्त्रज्ञ विचारेल असं सगळ्यांना वाटणार. त्यानं एक वेगळी गोष्ट हेरली. सी-४७ चे वैमानिकही तेवढेच दमलेले, तेवढेच तरुण. मग त्यांच्याकडून ही चूक जवळपास होतच नाही, ती का? (सी-४७ म्हणजे आपण ज्याला डाकोटा म्हणतो ते. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान श्रीनगरला उतरले ते याच जातीच्या विमानांतून.)

उत्तर कॉकपिटमध्ये होतं. बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका अगदी शेजारी, दिसायला सारखे आणि बोटांना लागायलाही सारखे. डाकोटात ही दोन नियंत्रणं एकमेकांपासून लांब होती आणि चालवायची पद्धतही वेगळी होती. माणसं तीच, खटके वेगळे.

विमानं चालू युद्धात, हजारोंच्या संख्येनं उडत होती. कॉकपिट नव्यानं बांधणं शक्य नव्हतं. चॅपॅनिसनं सुचवलेला उपाय एखाद्या घरगुती तोडग्यासारखा साधा होता. चाकांच्या खटक्यावर छोटं रबरी चाक बसवायचं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. डोळे समोर धावपट्टीवर असले तरी बोटांना कळतं की हातात काय आहे. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची मूठ पंखाच्या आकाराची असते. अमेरिकेच्या नियमांत ते आकार ठरवूनच दिलेले आहेत.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्याच राइट फील्डवर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी वैमानिकांकडून 'माझ्या हातून अशी चूक झाली' असे ४६० अनुभव गोळा केले. त्यातल्या जवळपास निम्म्या चुका एका दांड्याऐवजी दुसरा ओढण्याच्या होत्या. त्यांच्या अहवालातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. इंजिनाचा वेग, पंखा आणि इंधन-हवेचं मिश्रण यांची तीन नियंत्रणं बी-२५ विमानात डावीकडून एका क्रमानं, सी-४७ मध्ये दुसऱ्या, तर सी-८२ मध्ये तिसऱ्याच क्रमानं लावलेली होती. आज या विमानात, उद्या त्या विमानात बसणाऱ्या माणसाच्या हाताला कालची सवय आज घातच करणार.

तुमच्या प्रश्नातल्या 'सवयीनं जाईल का' या भागाकडे इथूनच यावं लागतं. विसरणं आणि गल्लत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी-१७ चाच पहिला नमुना ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर कोसळला, कारण जमिनीवर उभं असताना शेपटीच्या हलत्या भागांना लावायचं कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहून गेलं होतं. दोन वैमानिकांचा त्यात जीव गेला. त्यातूनच वैमानिकांची चेकलिस्ट रुजली. विसरण्यावर यादी हा उत्तम उपाय आहे. पण गल्लत करणारा माणूस काही विसरलेला नसतो. काय करायचं हे त्याला पक्कं माहीत असतं, फक्त हात शेजारच्या जुळ्यावर पडतो. तिथे यादी किंवा 'लक्ष दे' ही ताकीद फारशी कामाला येत नाही.

आता शेगडी. चॅपॅनिस पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला आणि १९५९ मध्ये त्यानं लिंडेनबॉम या सहकाऱ्याबरोबर चार बर्नर आणि चार बटणांचा प्रयोग छापला. बर्नर चौकोनात मांडलेले आणि बटणं पुढे एका ओळीत, म्हणजे बहुधा तुमच्याकडे असेल तशीच मांडणी. यात डावीकडची दोन बटणं डावीकडच्या दोन बर्नरची, इथवर कळतं. पण त्यातलं पुढच्याचं कुठलं आणि मागच्याचं कुठलं, हे मांडणी सांगतच नाही, ते पाठ करावं लागतं. बटणांचा क्रम बदलून पाहिला तरी चुका होतच राहिल्या. मग मागचे दोन बर्नर बाजूला सरकवून असे ठेवले की प्रत्येक बर्नर आपापल्या बटणाच्या रेषेत येईल. त्या मांडणीत एकही चूक झाली नाही.

तुमच्या जुन्या शेगडीवर पंधरा वर्षं चूक का झाली नाही, तेही यातच आलं. दोन बर्नर, प्रत्येकाचं बटण त्याच्या पुढ्यात. पाठ करण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितोय त्याला कारण आहे. मी २६ वर्षं एका रासायनिक कारखान्यात पाळ्यांमध्ये पॅनेलवर काम केलं. पॅनेलवर दोन पंपांची हिरवी बटणं चार बोटांच्या अंतरावर, एकाच मापाची होती; खाली नावं होती, पण हातमोज्यांच्या मळानं पुसट झालेली. एका रात्रपाळीत पहाटे साडेतीनला मी एक पंप चालू करायला गेलो आणि दुसरा चालू झाला. टाकी भरून वाहिली, भोवतीच्या बंधाऱ्यात सॉल्व्हंट साचलं. नशिबानं ठिणगी कुठे नव्हती. मला मेमो मिळाला, 'कामात हलगर्जीपणा'. तो शब्द कित्येक वर्षं माझ्या मनात सलत होता, कारण त्या रात्री मी जागा होतो, शुद्धीत होतो आणि कामच करत होतो. पुढे आमच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियननं कुणाला न विचारता त्यातल्या एका बटणाभोवती जाड पितळी कडं बसवलं. मी निवृत्त होईपर्यंत त्या दोन बटणांत पुन्हा गल्लत झालेली मला आठवत नाही. बोट कड्याला लागलं की हात आपोआप थबकायचा.

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात मीठ कायम चिनीमातीच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात असायची. मिठानं डबा गंजतो म्हणून ती पद्धत, हे खरंच. पण मोतीबिंदू वाढल्यावरही तिच्या चहात कधी मीठ पडलं नाही, कारण बरणीचा गारवा आणि गोल खांदा हाताला आधीच सांगायचा. राइट फील्डवर खटक्यांना चाक आणि पाचर लावून जे साधलं, ते आपल्या फळीवर कितीतरी आधीपासून होतं.

तर तुमच्यासाठी उपाय. शेगडी पूर्ण थंड असताना, रेग्युलेटर बंद करून, मागच्या दोन बर्नरच्या बटणांवर नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या. दोन-तीन थर द्या, म्हणजे वाळल्यावर बोटाला उंचवटा लागेल. नुसत्या रंगापेक्षा तो उंचवटा महत्त्वाचा, कारण बटणाकडे हात जातो तेव्हा तुमची नजर दुधावर असते. त्याच रंगाचा छोटा ठिपका शेगडीच्या मागच्या कडेला, ज्वाळेपासून लांब, त्या त्या बर्नरच्या बाजूला द्या. बटण उघडल्यावर लायटर नेला आणि बर्नर पेटला नाही, तर पुन्हा पुन्हा लायटर ओढू नका. आधी सगळी बटणं बंद करून थोडं थांबा, कारण गॅस दुसऱ्याच बर्नरमधून बाहेर येत असू शकतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, ओट्याखाली साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

आणि तुमच्या शेगडीची बटणं समोर आहेत की उजव्या बाजूला उभ्या ओळीत, ते खाली कळवा. बाजूला असतील तर ठिपके वेगळ्या बटणांवर द्यावे लागतील.