सही माझी, हप्ता त्याचा

प्रश्न : मी कोल्हापुरात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बरोबरच्या एकानं पगारदारांच्या पतसंस्थेतून पाच लाखांचं कर्ज काढलं, त्याला मी जामीन राहिलो. गेल्या वर्षी त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हप्ते थांबले. आता तीन महिने माझ्या पगारातून दरमहा 9,400 रुपये कापले जातायत. ना कोर्टाची नोटीस, ना कुणाची विचारणा. माझा एकूण पगार 58,000, डोक्यावर घराचं कर्ज. कोर्टाशिवाय असा पगार कापता येतो? त्याची ग्रॅच्युइटी आधी घ्यायला नको का? हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाऊ का? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : आधी एक सांगा, कपात कुठल्या कागदावर सुरू झाली? तुमच्या पत्रात नेमकं तेच नाही.

मी आस्थापना शाखेत 27 वर्षं पगारबिलं केली. महिन्याच्या 18-20 तारखेला पतसंस्थेचा शिपाई लुनावरून यायचा, पिशवीत याद्या. निळा कार्बन, नाव, वर्गणी, हप्ता, व्याज. त्यात एखाद्या नावापुढं लाल शाईनं ‘जामीन’ लिहिलेलं दिसलं की आम्ही ओळखायचो, कुणाचा तरी हप्ता बुडाला. तो माणूस दोन दिवसांत माझ्या टेबलाशी येणार आणि हेच विचारणार, ‘कोर्ट नाही, कचेरी नाही, कापलाच कसा?’

कापलात तुम्हीच, असं मी म्हणायचो. राग यायचा लोकांना. पण कर्जाच्या फॉर्मबरोबर जो छापील करार असतो, बारीक अक्षरांचा, तो कुणी वाचत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 खाली सभासदानं ‘माझ्या पगारातून कापून संस्थेला द्या’ असं लिहून दिलं की संस्थेच्या लेखी मागणीवर कार्यालयाला कपात करावीच लागते. कापलेली रक्कम 14 दिवसांत संस्थेला द्यायची, नाही दिली तर जबाबदारी अधिकाऱ्याच्या अंगावर, वैयक्तिक. म्हणून तुमचे साहेब तुमच्यासाठी थांबणार नाहीत. त्यांचा दोष धरू नका.

तेव्हा उद्याच आस्थापनेला अर्ज द्या, ‘ज्या कागदावर कपात सुरू झाली त्याची प्रत मिळावी.’ त्यावर तुमची 49 ची सही नसेल, तर नुसत्या संस्थेच्या पत्रावर कापणं चूक आहे. मग संस्थेला त्याच कायद्याच्या कलम 101 खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला घ्यावा लागतो आणि वसुली अधिकारी पगारावर जप्ती आणतो.

जप्ती आली की मात्र मर्यादा लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 : पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. तुमच्या 58,000 वर हिशोब करा : 57,000 चा तिसरा हिस्सा 19,000, त्यापुढं हात लावता येत नाही. (सूट जाहीर झालेले भत्ते असतील तर ते आधी वजा. पण हातात पडणारा पगार धरू नका, लोक इथंच चुकतात.) शिवाय जप्ती एकूण 24 महिने झाली की पुढचे 12 महिने पगार मोकळा, आणि जप्ती एकाच हुकूमनाम्यातली असेल तर त्या हुकूमनाम्यासाठी कायमचा. गंमत बघा, हे सगळं कवच जप्तीसाठी. आपणच सही करून दिलेल्या कपातीला ते नाही.

आता ग्रॅच्युइटी. त्याच कलम 60 नं सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी आणि पेन्शन जप्तीतून वगळलीय, त्यामुळं संस्था त्या वाटेला जात नाही. आणि ‘आधी त्याला धरा’ हा हट्टही टिकत नाही. करार कायदा 1872, कलम 128 : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जामीनदाराला हात लावायला आधी कर्जदाराची दारं वाजवायची गरज नाही.

सीपीआर रुग्णालयासमोर बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे 18 ऑगस्ट 2025 पासून, माझ्याकडं प्रत्येक दुसरं पत्र ‘बेंचला जाऊ का’ म्हणून येतं. तिथं थेट उडी नको. 101 चा दाखला चुकीचा वाटला तर सहकारी कायद्याच्याच कलम 154 खाली विभागीय सहनिबंधकांकडं पुनरीक्षण अर्ज असतो, पण त्याला येणे रकमेच्या 50 टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. पाच लाखांच्या कर्जावर किती होतील ते तुम्हीच बघा.

माझी गोष्ट सांगतो. मीही एकदा बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर सही केली होती, फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून. मित्राच्या मुलीचं लग्न होतं. 22 महिने माझा पगार कापला गेला आणि ते बिल मीच लिहीत होतो! मित्र महाद्वार रोडला दिसला की पलीकडच्या बाजूनं जायचा. मी भिडेपोटी गप्प बसलो. करार कायद्याच्या कलम 145 नं जामीनदारानं रीतसर भरलेले पैसे कर्जदाराकडून मागता येतात, पण भरल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. माझी 3 वर्षं भिडेतच गेली. वहिनींच्या हातचं जेवण मात्र पुन्हा मिळालं नाही.

तुम्ही हे करू नका. दर महिन्याची पगारपावती जपा, संस्थेकडून कर्जाचा खातेउतारा आणि तुमच्या नावे जमा दाखवणारी पावती लेखी मागा. सहकाऱ्याला स्पीड पोस्टनं पत्र घाला, तारीखवार रकमा लिहून, आत्तापर्यंतचे 28,200 मागा. फोनवर बोलू नका, फोनवर तो ‘बघू की’ म्हणेल. आणि आस्थापनेतून ती प्रत हातात आली की 49 आहे की 101, एवढं मला कळवा. पुढचं त्यावर बोलू.