केशव साठे यांच्या तबल्याबरोबर पियानो वाजवणारा पॅट स्माइथ कोण होता?

तुम्ही विचारलंय की ‘इंडो-जॅझ स्वीट’ या १९६६ च्या रेकॉर्डवर तबल्याला केशव साठे हे ओळखीचं नाव दिसलं, पण पियानोवरचा हा पॅट स्माइथ कोण. प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी स्वतः पेटीवर साथ करतो. ही रेकॉर्ड मीसुद्धा साठ्यांसाठीच लावली होती, आणि अर्ध्यात पोचेपर्यंत कान पियानोकडे लागला होता.

स्माइथ एडिंबराचा, जन्म १९२३ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. युद्ध संपल्यावर एडिंबरात वकिली केली. पन्नासच्या दशकाच्या शेवटी, पस्तिशीच्या आसपास, ती वकिली मागे ठेवून लंडनला आला तो पियानो वाजवायला. आधी जमैकाचा ट्रम्पेटवादक डिझी रीस याच्याबरोबर होता, आणि मग अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जो हॅरियटच्या पंचकात गेला. त्याची खरी ओळख तिथेच घडली.

हे पंचक म्हणजे एक अजब मेळ होता. हॅरियट जमैकाचा. डबल बासवर कोलरिज गुड, तोही जमैकाचा. १९३४ मध्ये इंजिनिअरिंग शिकायला ग्लासगोला आलेला, म्हणजे त्याच्या वाटेतही स्कॉटलंड होतंच. ट्रम्पेटवर सेंट व्हिन्सेंट बेटाचा शेक कीन, जो कवीही होता. आणि पियानोवर हा एडिंबराचा वकील. १९६० ला त्यांनी ‘फ्री फॉर्म’ ही रेकॉर्ड केली. हॅरियटचा विचार असा की ठरलेला ताल, ठरलेली चाल, कॉर्ड्सचा (एकाच वेळी दाबलेल्या तीनचार सुरांचा) ठरलेला क्रम, मात्रांची ठरलेली चौकट यांतलं एखादंच काही धरून ठेवायचं, बाकीचं मोकळं सोडायचं.

इथे स्माइथची अडचण समजून घ्यायला हवी. त्याच सुमारास अमेरिकेत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन मुक्त जॅझ वाजवत होता आणि त्याच्या चौकडीत पियानो नव्हताच. कारण उघड आहे: पियानोने एक कॉर्ड दाबली की पुढच्याला कुठे जायचं ते जवळजवळ ठरतंच. हॅरियटने मात्र पियानो ठेवला. आता जिथे पुढचा सूर कुणालाच माहीत नाही तिथे कॉर्डच्या वाद्याने करायचं काय? स्माइथ दोनचार सूर टाकतो आणि हात उचलतो. कधी हॅरियटच्या वाक्याचं शेपूट पकडून तेच जरा उलटं करून परत देतो. मोठ्या गवयामागे बसलेल्या कोणत्याही पेटीवाल्याला विचारा, वाजवणं जमतं, न वाजवणं जमायला वर्षं जातात. पुढच्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ या रेकॉर्डला अमेरिकेच्या ‘डाउन बीट’ या जॅझ मासिकाने पूर्ण पाच तारे दिले. ब्रिटिश जॅझच्या वाट्याला हे सहसा येत नसे.

आणि मग ‘इंडो-जॅझ’. संगीतकार जॉन मेयर कलकत्त्याचा, व्हायोलिनवादक. त्याने पाच जॅझवाले आणि पाच भारतीय बाजूचे असं दुहेरी पंचक उभं केलं: सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे, तानपुऱ्यावर चंद्रहास पैगणकर, बासरीवर ख्रिस टेलर आणि व्हायोलिनवर स्वतः मेयर. पहिल्या रेकॉर्डवर मेघ आणि गौडसारंग हे राग आहेत, आणि १९६७ च्या ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’वर मुलतानी.

मुलतानी आणि पियानो! मुलतानीचा कोमल गंधार तीव्र मध्यमाला टेकून खाली येतो आणि पट्टीवरच्या गंधारापेक्षा थोडा खालीच राहतो. तो सूर पियानोत नाही, पेटीतही नाही. मींडही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणंही, नाही. याच कारणांवरून आपल्या पेटीला १९४० पासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडिओवर बंदी होती. म्हणून स्माइथचं ऐकताना माझा जीव त्यात अडकतो. जो सूर नाही तो असल्याचा आव तो आणत नाही. कॉर्ड्सचा भरणाही करत नाही, कारण तानपुरा चालू असताना तो सगळा गढूळ झाला असता. एकेरी सूर, मोकळ्या जागा, आणि तबल्याकडे पूर्ण लक्ष. मेयरची रचना मला काही ठिकाणी फार आखीव वाटते, राग तिथे मोजून मापून दिल्यासारखा येतो. ती आखणी सैल करण्याचं काम हॅरियट आणि स्माइथ दोघे करतात.

पुढे हॅरियटचे दिवस वाईट आले आणि १९७३ च्या जानेवारीत, पंचेचाळिशीही गाठायच्या आत, तो कर्करोगाने गेला. स्माइथ मुख्यतः साथीदार म्हणूनच जगला. ब्लॉसम डिअरी, अनिता ओ’डे, ॲनी रॉस, मार्क मर्फी अशा गायकांमागे, तसंच बाहेरून आलेल्या स्टॅन गेट्झ, बेन वेबस्टर या सॅक्सोफोनवादकांमागेही तो वाजवायचा. स्वतःच्या नावाची रेकॉर्ड शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल, आणि याचीच मला हळहळ वाटते. १९८३ च्या मे महिन्यात, साठ पूर्ण होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा लंडनमध्ये तो गेला. मित्रांनी त्याच्या नावाने निधी उभारला, त्यातून तरुण जॅझ वादकांना पुरस्कार दिला जाऊ लागला.

ऐकायचा क्रम विचाराल तर आधी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ घ्या, मग मुलतानी. आणि मुलतानी पहिल्यांदा ऐकताना सतार, सॅक्सोफोन बाजूला ठेवून फक्त पियानो कधी थांबतो तेवढंच ऐका. आवडलं तर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वाकडे वळा. मुंबईत जन्मलेला गोवेकर. हॅरियटबरोबर त्याने १९६९ मध्ये ‘हम दोनो’ केली. तिच्यात पियानो नाही. स्माइथ ऐकून झाल्यावर ती लावलीत तर ती रिकामी जागा तुम्हाला लगेच कळेल.