वर्दळीच्या घरात लॅमिनेट फ्लोअरिंग: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लॅमिनेटबद्दल बरेच प्रश्न साठले होते, त्यातले सगळ्यांच्या कामाचे घेतलेत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, जो तो जाडी विचारतो, एसी नंबर (वरचा थर किती झीज सोसतो त्याचा दर्जा, आकडा मोठा तितका चिवट) विचारतो, रंग विचारतो, पण सांध्यांबद्दल आणि खालच्या जमिनीबद्दल कोणीच विचारत नाही. भरल्या घरातलं लॅमिनेट वरून झिजून क्वचितच जातं, ते सांध्यात फुगून जातं नाहीतर खालून हलून हलून जातं. त्यामुळे उत्तरं पुन्हा पुन्हा तिकडेच वळतील, चालवून घ्या.

प्रश्न: घरात दोन लहान मुलं, एक कुत्रा, दिवसभर ये-जा. दुकानदार म्हणतो १२ मिमीच घ्या, ओळखीचे म्हणतात एसी ५ शिवाय बघूच नका. नक्की काय बघायचं?

आधी हे दोन आकडे वेगळे करू. लॅमिनेटच्या फळीत चार थर असतात. सगळ्यात वर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद, मग एचडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू जबरदस्त दाबून केलेला गाभा, आणि तळाला आणखी एक थर, फळी वाकू नये म्हणून. एसी नंबर सांगतो तो वरच्या थराबद्दल, चाचणीत सँडपेपर लावलेली चाकं फिरवून खालचं चित्र किती फेऱ्यांत झिजतं ते बघतात. आणि जाडी म्हणजे मुख्यतः गाभ्याची जाडी. त्यामुळे १२ मिमी जाडीची फळी एसी ३ असू शकते आणि ८ मिमीची एसी ५, एकावरून दुसरं ठरत नाही.

तुमच्या घराला हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर इथे एसी ४ पुरतं, बेडरूमला एसी ३ पण चालतं. एसी ५ दुकानं-ऑफिसांसाठी, घरात घेतलं तर तोटा नाही पण एसी ४ पेक्षा दुप्पट टिकेल असं समजू नका, कारण घरातलं नुकसान त्या चाकासारखं एकसारखं घासून होतच नाही. खोक्यावर छोट्या चित्रांबरोबर २३, ३२ असे आकडे असतात ते बघा. २ ने सुरू होणारे घरगुती वापराचे, ३ ने सुरू होणारे व्यावसायिक वापराचे, आणि दुसरा आकडा वाढेल तशी वर्दळ जास्त. २३ आणि ३२ दोन्ही असतील तर घरासाठी निर्धास्त घ्या.

जाडी ८ मिमी चांगली. १० किंवा १२ घेतली तर पायाखाली भरीव वाटतं, आवाज थोडा कमी पोकळ येतो, पण १२ मिमीत गाभा भुसभुशीत असेल तर त्यापेक्षा घट्ट गाभ्याची ८ मिमी मी कधीही घेईन. हे ओळखायचं कसं? दुकानात एकाच मालाचे दोन तुकडे मागून घ्या. कडेला जी जीभ आणि खाच असते त्यावरून नख जोरात ओढा, भुसा सुटला किंवा कड दबली तर बाजूला ठेवा. मग दोन्ही तुकडे एकमेकांत बसवा, बसताना स्पष्ट टक् आवाज यायला हवा, सांध्यावरून बोट फिरवलं तर पायरी लागायला नको, आणि जोडलेले तुकडे हातात धरून हलकेच ओढले तर फट दिसायला नको. हे चार-पाच वेळा काढून-घालून बघा, कारण बसवणारा माणूस एखादी फळी काढून पुन्हा बसवतोच. शक्य असेल तर ते जोडलेले तुकडे घरी आणून सांध्यावर चमचाभर पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून उजेडात आडवं धरून कड वर आलीय का ते बघा, एवढ्याने तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न: खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय. मग स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पण घालू का?

बाथरूममध्ये नको. स्वयंपाकघरात चालेल, पण तो शब्द नीट समजून घ्या. बारीक अक्षरात बहुतेक वेळा २४ तास, ४८ तास, ७२ तास असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की वरून सांडलेलं पाणी, नीट बसवलेल्या सांध्यांवर, तेवढा वेळ राहिलं तरी आत जाणार नाही. खालून येणारी ओल, भिंतीकडेच्या फटीतून उतरलेलं पाणी, डिशवॉशर किंवा सिंकखालचा पाइप गळून फळ्यांखाली साठलेलं पाणी, यातलं काहीच त्यात येत नाही. आणि एचडीएफची अडचण ही की ते एकदा फुगलं की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, सांध्याची कड उचललेलीच राहते आणि मग येता-जाता पाय तिथेच घासून चित्र उडतं.

स्वयंपाकघरासाठी माहितीपत्रकात थिकनेस स्वेलिंग, म्हणजे पाण्याने जाडी किती फुगते, हा टक्क्यांतला आकडा शोधा, जितका कमी तितकं चांगलं. भिंतीकडेच्या फटीत आधी मऊ फोमची दोरी आणि वरून लवचिक सिलिकॉन भरून घ्या, म्हणजे पाणी अडतं आणि फ्लोअरला हलायलाही जागा राहते. कायमची बसवलेली कपाटं लॅमिनेटवर उभी करू नका, आधी कपाटं मग त्यांच्या पायापर्यंत फळ्या, कारण हे फ्लोअर खाली कुठेही चिकटवलेलं नसतं, ते तरंगतं, आणि त्याच्यावर जड कपाट ठोकलं की ते एका जागी अडकतं. फ्रिज, सोफा, पलंग यांचं काही नाही, ते ठेवा.

कुत्र्याचं पाण्याचं भांडं आणि झाडांच्या कुंड्या या दोन जागा लोक विसरतात. तिथे रोज थोडं थोडं पाणी पडतं, कोणाला दिसत नाही आणि बरोबर तिथलाच सांधा फुगतो. खाली काठ असलेला ट्रे ठेवा.

आणि तुमच्याकडे फरशी बादलीभर पाणी ओतून धुवायची सवय असेल, आणि ती सवय सुटणार नसेल, तर मी सरळ सांगेन लॅमिनेट घेऊ नका. त्या घरात टाइल नाहीतर एसपीसी बरं, त्याचा गाभा दगडाची पूड आणि प्लास्टिकचा असतो, पाण्याने फुगत नाही.

प्रश्न: जुन्या टाइल्स न काढता त्यावरच घालता येईल का? खाली मऊ वाटावं म्हणून फोमचे दोन थर टाकायचा विचार आहे.

टाइल्सवर घालता येतं, हलणारी टाइल एकही नसावी एवढंच. टिचकी मारून पोकळ आवाज येतो का बघा, पोकळ असेल ती आधी पक्की करा. मग २ मीटरची सरळ पट्टी जमिनीवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा लेव्हलिंग कंपाउंडने भरायचाच, आणि उंचवटा असेल तर घासून काढायचा. कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, तुमच्या मालाच्या कागदावर जो असेल तो पाळा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

फोमचे दोन थर मात्र अजिबात नको. मऊ म्हणजे चांगलं असं वाटणं साहजिक आहे, पण इथे उलटं होतं. पाय पडला की फळी खाली दबते, शेजारची जागेवर राहते, आणि सगळा ताण त्या दीड-दोन मिलिमीटरच्या जिभेवर येतो. असं दिवसातून शेकडो वेळा झालं की जीभ तुटते. एकच थर, २ ते ३ मिमीचा, आणि दाब सहन करणारा. या फळ्यांखालच्या थराला अंडरले म्हणतात, त्याच्या पाकिटावर सीएस असा दाब सहन करण्याचा आकडा किलोपास्कलमध्ये असतो, किमान १० लागतो, पण भरल्या घरासाठी ६० किंवा जास्त घ्या. काही फळ्यांना तळाला अंडरले कारखान्यातूनच चिकटवलेला असतो, त्यांच्याखाली दुसरा टाकायचा नाही.

काँक्रीट किंवा तळमजल्यावरच्या टाइल्स असतील तर अंडरलेच्या खाली ०.२ मिमीचं प्लास्टिक आधी अंथरा, पट्ट्या एकमेकींवर २० सेंमी चढवून आणि टेपने चिकटवून. नवं काँक्रीट असेल तर ओल मोजून घ्या, नुसत्या हाताला कोरडं लागणं पुरेसं नाही, कार्बाइड मीटरवर साधारण २ टक्क्यांच्या आत हवं, फ्लोअर हीटिंग असेल तर १.८. आणि दरवाजे खाली घासतील का ते फळ्या यायच्या आधी मोजा, फळी अधिक अंडरले मिळून १०-११ मिमी उंची सहज वाढते.

प्रश्न: वर्षभरापूर्वी घातलं. आता हॉलच्या मधोमध फ्लोअर वर उचललंय, पाय ठेवला की खाली जातं आणि काढला की परत वर येतं. माल खराब निघाला का?

मालापेक्षा बसवण्यात चूक असायची शक्यता जास्त आहे. हवेतली ओल वाढली की फळ्या पसरतात, कमी झाली की आकसतात, सगळं फ्लोअर एकाच तुकड्यासारखं हलतं. म्हणून चारही बाजूंनी ८ ते १० मिमी फट सोडायची असते जी स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट कुठेतरी बंद झाली की पसरायला जागाच उरत नाही आणि फ्लोअर मधेच वर येतं.

एक-दोन स्कर्टिंग काढा आणि टॉर्च घेऊन कडेने बघत जा. फळी भिंतीला टेकलीय अशी जागा सापडेल. भिंतीपाशी नसेल तर दाराच्या चौकटीपाशी बघा, तिथे बसवणारे घाई करतात, फळी चौकटीला घट्ट भिडवून टाकतात. पाइप जमिनीतून वर येतो तिथे बघा, भोक पाइपपेक्षा सगळीकडून १० मिमी मोठं हवं. दाराच्या पट्टीचा स्क्रू फळीतून आरपार गेलाय का बघा, तेवढा एक स्क्रूसुद्धा पुरतो. आणि स्कर्टिंग भिंतीवर ठोकायचं, फळीला चिकटवायचं नाही, तेही तपासा. जिथे टेकलंय तिथे कड कापून फट मोकळी करा, बरेचदा काही दिवसांत फ्लोअर आपोआप खाली बसतं. सांध्यांच्या जिभा तुटल्या असतील तर मात्र त्या फळ्या बदलाव्या लागतील.

हॉल ८-१० मीटरपेक्षा लांब असेल, किंवा हॉल-पॅसेज-बेडरूम सगळं दारात न तोडता एकसंध घातलं असेल, तर मधे विस्ताराची पट्टी हवीच होती. दिसायला लोकांना ती आवडत नाही, मला कळतं, पण मी त्यावर तडजोड करणार नाही. माल ४८ तास आधी त्याच खोलीत बंद खोक्यांत आडवा ठेवला होता का हेही बसवणाऱ्याला विचारा.

प्रश्न: बाळ रांगायला लागलंय. लॅमिनेटमधून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू येतो असं वाचलं, घालू की नको?

घाला, पण उत्सर्जनाचा शिक्का बघून. गाभ्याच्या चिकट द्रव्यात फॉर्मल्डिहाइड असतं हे खरं आहे, म्हणूनच त्यावर मर्यादा आहेत. युरोपातली ई१ आहे, अमेरिकेतली कार्ब फेज २ आणि त्याच धर्तीची टीएससीए टायटल ६ आहे. यातलं एकही खोक्यावर किंवा कागदावर नसेल तर तो माल बाळाच्या खोलीत मी घालू देणार नाही, कितीही स्वस्त असला तरी. वास फळ्यांचाच असतो असंही नाही, निकृष्ट अंडरले आणि स्वस्त चिकटद्रव्यंही वास मारतात. बसवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा आणि जमेल तर बाळाला तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत झोपवा.

प्रश्न: गडद आणि चकचकीत आवडतंय, पण ओरखडे दिसतील का?

दिसतील. धूळ, पावलांचे ठसे, कुत्र्याचे केस, सगळंच. भरल्या घरात मधला रंग, मॅट, आणि हाताला रेषा जाणवतील असं टेक्स्चर घ्या, त्यावर कुत्राही कमी घसरतो आणि घरातली वयस्कर माणसंही. कडांना बारीक उतार असलेल्या फळ्या छान दिसतात, तो उतार मात्र रंगवलेला किंवा सील केलेला असायला हवा, नाहीतर पाणी थांबायला ती आयतीच जागा.

प्रश्न: रोज पुसायचं कसं? स्टीम मॉप चालतो का?

स्टीम मॉप नको, बहुतेक कंपन्या स्पष्ट मनाई करतात, गरम वाफ सांध्यात शिरते. आधी झाडून किंवा व्हॅक्यूम करून मग घट्ट पिळलेला फडका, इतका की मिनिटभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे. मेण, पॉलिश काही लावू नका, ते आत मुरतच नाही, वर थर साचून डाग दिसतात. झाडण्याला मी पुसण्याहून जास्त महत्त्व देतो, कारण बुटांबरोबर आलेली वाळू खुर्चीच्या पायाखाली सापडली की वरची चमक जाते, एसी कितीही असो. दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं ठेवा. खुर्च्यांना फेल्टचे तुकडे लावा, पण ते अधूनमधून उलटे करून बघा, त्यात खडे रुततात आणि मग तेच ओरखडे काढतात. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीला मऊ रबरी चाकं हवीत.

प्रश्न: एकच फळी खराब झाली तर सगळं काढावं लागेल का?

नाही. भिंतीजवळची असेल तर स्कर्टिंग काढून तिथपर्यंतच्या ओळी उलगडायच्या आणि बदलून परत बसवायच्या. मधली असेल तर चांगला कारागीर तीच कापून काढतो, नव्या फळीची खालची कड तासून गोंदाने बसवतो. लाकडी फ्लोअर घासून पुन्हा नवं करता येतं तसं लॅमिनेट करता येत नाही, म्हणून बदलणं हाच उपाय. छोटा टवका असेल तर त्या रंगाचं मेण किंवा फिलर पुरतं, पण लगेच भरा, उघड्या गाभ्यात पाणी जायच्या आत.

यासाठी खरेदी करतानाच क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त माल घ्या, आणि कापाकापीनंतर उरलेल्या निदान एका खोक्याला हात लावू नका. डिझाइन बंद होतात, आणि तेच डिझाइन मिळालं तरी सांध्याची पद्धत बदललेली असू शकते, मग नवी फळी जुन्यात बसतच नाही. खोकं पलंगाखाली सपाट ठेवा, भिंतीला टेकवून उभं नको, आणि त्यावरचं लेबल फाडू नका, बॅच नंबर त्यावरच असतो.