वाचक विचारतात : चौथरा चिऱ्याचा, नावे दोघांची

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात १९६५ च्या युद्धातील कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांसाठी स्मृतिफलक उभारायचा आहे. समुद्र जवळच आहे. मजकूर काय घ्यावा आणि फलक कशाचा करावा? (एक शिक्षिका, गुहागर)

उत्तर : 'वैमानिकांसाठी' हा शब्द आधी बदला. 'वैमानिक आणि नॅव्हिगेटर (विमानाचा मार्ग ठरवणारा) यांच्यासाठी' असे लिहा. कॅनबेराच्या बी(आय)५८ या प्रकारात दोघे असत. वैमानिक डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, इजेक्शन सीटवर (संकटात माणसासह विमानाबाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनावर) बसे. नॅव्हिगेटर पुढे नाकाडात असे आणि त्याला इजेक्शन सीट नव्हती. विमान पेटले तर पॅराशूट छातीला अडकवायचे, उजवीकडच्या दारापर्यंत सरकायचे आणि तिथून उडी टाकायची. विमान गिरक्या घेत असेल किंवा जमीन जवळ असेल, तर तेवढा अवधी मिळतच नाही. बॉम्ब टाकताना तो पालथा पडून नेमयंत्रातून खाली पाही. तेवढा वेळ वैमानिकाला विमान सरळ रेषेत धरावे लागे, आणि विमानविरोधी तोफांना नेम धरायला तोच वेळ सर्वांत सोयीचा.

२१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर या लढाऊ विमानाने एक कॅनबेरा पाडले. वैमानिक इजेक्शन सीटमुळे बाहेर पडला आणि युद्धकैदी झाला. नॅव्हिगेटर वाचला नाही. फलकावर एकच प्रसंग घेणार असाल तर हा घ्या.

जागा उरली तर पाकिस्तानातल्या पेशावर विमानतळावर कॅनबेरांनी रात्री केलेला हल्ला घ्या. इतक्या लांबवर सोबतीला लढाऊ विमाने नव्हती. अशा रात्रीच्या हल्ल्यात पहिले विमान प्रकाशगोळे टाकून लक्ष्य दाखवते आणि मागची विमाने त्या उजेडात बॉम्ब टाकतात. वाऱ्याचा हिशेब चुकला तर खूणच भलतीकडे पडते आणि मग सगळ्यांचेच बॉम्ब वाया जातात. विंग कमांडर प्रेमपाल सिंग यांच्या महावीर चक्राच्या मानपत्रात पेशावर विमानतळाच्या या खुणेचा उल्लेख आहे. वैमानिकाचे नाव लिहाल तिथे त्या फेरीतल्या नॅव्हिगेटरचे नाव शोधून शेजारीच, त्याच मापाच्या अक्षरात लिहा. हुतात्म्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या नोंदीतून आणि पदकविजेत्यांची संरक्षण मंत्रालयाच्या यादीतून, जशीच्या तशी उतरवा. फिरत आलेल्या संदेशांतून एकही नाव घेऊ नका.

आता फलक. लोखंडी चौकट आणि फ्लेक्स खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. २० मिमी जाडीचा काळा ग्रॅनाइट घ्या. अक्षरे २ ते ३ मिमी खोल कोरून घ्या, म्हणजे रंग उडाला तरी वाचता येतील. नावांची उंची निदान २५ मिमी ठेवा.

चौथरा चिऱ्याचाच, म्हणजे जांभ्या दगडाचाच करा, आपल्याकडे तोच शोभतो. पण जांभा पाणी पितो. ग्रॅनाइट त्याला सपाट चिकटवला तर पावसाचे पाणी मागे अडकते, क्षार फुलतात आणि चिऱ्याचा दर्शनी पापुद्रा सुटतो. म्हणून मागे १० मिमी फट ठेवा आणि खाली पाणी निघायला दोन भोके. वरच्या थराला उतार द्या, तो पुढे ५० मिमी काढा आणि त्याच्या खालच्या अंगाला खाच घ्या, म्हणजे पागोळी फलकावर ओघळणार नाही. धरायला ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या ८ मिमी जाडीच्या चार खिळ्या वापरा. दुकानदार ३०४ देईल, ते घेऊ नका. समुद्रकाठी त्यावर तांबूस डाग धरतात. साधे लोखंड तर नकोच. ते गंजले की फुगते आणि ग्रॅनाइटचे कोपरे उडवते. काम पावसाळा सरल्यावर, चिरा पुरता वाळला की करा. डिसेंबर ते मार्च ठीक.

प्रश्न : फलकासाठी विमानाचे चित्र इंटरनेटवरून घेतले तर चालेल का? (त्याच शाळेचे चित्रकला शिक्षक)

उत्तर : चालेल, पण कोरायला देण्यापूर्वी घुमट पाहा. एकाच लांब घुमटाखाली दोघे एकामागे एक बसलेले दिसले, तर ते अमेरिकी बनावटीचे बी-५७ आहे. ते कॅनबेराच्याच आराखड्यावरून बनले होते आणि १९६५ मध्ये पाकिस्तानकडे होते. आपल्या फलकावर ते येता कामा नये. बी(आय)५८ मध्ये घुमट छोटा आणि डाव्या बाजूला असतो, म्हणून चित्र डावीकडून दिसणारे निवडा. नाकाडाची काच ठळक कोरायला सांगा. नॅव्हिगेटरची जागा तीच.