आईच्या पाटल्यांचं पाप फिटेल का?

प्रिय मावशी, प्रभूत सलाम.

मी ४६ वर्षांची, राहणार घोरपडी. आमचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. नऊ वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा धाकटीसाठी ठेवलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या तिने माझ्याकडे सांभाळायला दिल्या. त्याच वर्षी मिस्टरांची नोकरी गेली, मुलाची फी थकली. मी कुणाला न विचारता पाटल्या सोनेतारणात ठेवल्या. सोडवता आल्या नाहीत, लिलावात गेल्या. आई दोन वर्षांनी वारली. शेवटपर्यंत विचारायची, "पाटल्या नीट आहेत ना गं?" मी "हो" म्हणायचे. बहिणीला सांगितलं की आईनेच आजारपणात विकायला लावल्या. तिने एका शब्दाने विचारलं नाही.

मी संडेस्कूल शिकवते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी काहीतरी निमित्त काढून बाहेर थांबते, कारण अयोग्यपणे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो असं लिहिलंय. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूने सगळं क्रुसावर फेडलंय, विसरून जा." आत्याला सगळं माहीत आहे. गेल्या वर्षी मुलाचा बाइकवरून पडून पाय मोडला, तर ती म्हणाली, हा त्याच पापाचा दंड. रात्री किती वेळा क्षमा मागितली याची मोजदाद नाही. आई तर गेली, तिची क्षमा आता कुठून आणू? माझं तारण, पापातून सुटका, होईल का? आणि बहिणीला सांगायलाच हवं का? सोनेतारणाची पिवळी पावती अजून माझ्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे, स्तोत्र ५१ च्या पानात.

— एक थोरली बहीण

थोरले,

तू मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. सलाम.

आधी आत्याचं बोलणं बाजूला सारू, कारण ते साफ चूक आहे आणि त्याने तुझ्या लेकराचंही नुकसान होईल. आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण इस्राएलात होती. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव म्हणतो की ही म्हण आता कुणी वापरायची नाही, ज्याचं पाप त्याच्यापाशी. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. तुझ्या मुलाचा पाय रस्त्यावर मोडला. त्या पाटल्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही. आत्याशी वाद घालू नकोस, पण मुलाच्या कानावर हे कधी गेलं असेल तर त्याला स्वतः जवळ बसवून सांग की असं नसतं.

आता तुझा खरा प्रश्न. देवाने क्षमा केली का?

आपल्या मराठी शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात शब्द आहेत, "जर आपण आपली पापे पदरी घेतली." हा "पदरी घेणे" मला फार मोलाचा वाटतो. पदरी घ्यायचं म्हणजे हे माझं आहे असं म्हणायचं. परिस्थितीचं नाही, मिस्टरांच्या नोकरीचं नाही, फीचं नाही. आणि पुढे काय लिहिलंय? तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून क्षमा करील. करील, असं लिहिलंय. शंभर वेळा मागितली तर करील, अशी अट तिथे नाही. स्तोत्र ५१ च्या पानात पावती ठेवून तू ज्या रात्री पहिल्यांदा रडलीस, त्याच रात्री तुझं मागणं ऐकलं गेलं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दावीद राजाने तर बाई बळकावली होती आणि तिच्या नवऱ्याला मारवलं होतं. त्याच्या तोंडचं म्हणून आपण ते स्तोत्र म्हणतो.

मग तुला शांती का नाही? हे जरा कठोर वाटेल, पण मायेने सांगते. तू कर्ज एका दारी काढलंस आणि नऊ वर्षं हप्ते दुसऱ्याच दारी भरतेस. देवाचं देणं ख्रिस्ताने फेडलं. बहिणीचं देणं तसंच आहे. देवापुढे हजारदा रडणं तुला जमतं, बहिणीपुढे एकदा बसणं जमत नाही, म्हणून तू पुन्हा पुन्हा देवाकडेच जातेस. तो तुला हाकलत नाही. पण डोंगरावरच्या प्रवचनात त्यानेच सांगून ठेवलंय की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मत्तयाचा पाचवा अध्याय, तू मुलांना शिकवला असशील. तुझ्या बहिणीच्या मनात काही नाही, हे खरं. तिला माहीतच नाही, म्हणून नाही.

पाळकसाहेबांचं पहिलं वाक्य सोळा आणे खरं आहे. दुसरं मला पटत नाही. तू त्यांना सगळं सांगितलं नसशील, नाहीतर ते "विसरून जा" म्हणाले नसते. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात नेमकी तुझीच गोष्ट आहे. कुणी शेजाऱ्याने ठेवायला दिलेल्या वस्तूबद्दल खोटं बोललं, तर त्याने ती पुरती परत द्यावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याची वस्तू त्याच्या हाती द्यावी. दोषार्पण, म्हणजे पापासाठीचं अर्पण, आणायचं त्याच दिवशी. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, ते पाचव्या हिश्शाचं गणित तुला लागू नाही. पण देवाला ठेव किती जपायची वस्तू वाटते ते यातून दिसतं. आपल्या कॅथलिक भावंडांकडे पाप फादरांपाशी कबूल करतात, आपल्याकडे थेट देवापाशी. तरी चोरीचा माल ज्याचा त्याला परत गेला पाहिजे, यावर दोन्हीकडे एकमत आहे.

इथे एका गोष्टीत घोळ होऊ देऊ नकोस, कारण याच जागी माणसं चुकतात. पाटल्या परत केल्यास म्हणजे तुझं तारण होईल, असं मी म्हणत नाहीये. लक्ष्मी रोडला जाताना सोनेतारणाच्या पाट्या दिसतात, तिथलं तारण म्हणजे काहीतरी गहाण ठेवून मिळालेले पैसे. देवाकडचं तारण तसं नाही, तू काही गहाण ठेवावंस म्हणून तो थांबलेला नाही. इफिसकरांच्या पत्रात पौल म्हणतो, कृपेनेच तुमचं तारण झालेलं आहे, ते देवाचं दान आहे. जक्कयाची गोष्ट घे. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. आपण मुलांना सांगताना उंबराच्या झाडावरच रमतो आणि पुढचं घाईने उरकतो. आधी येशू म्हणतो, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." तेव्हा जक्कयाने एक दमडीही परत केलेली नसते. येशू घरी येतो म्हटल्यावर तो आनंदाने त्याला घेऊन जातो आणि मग उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. हा क्रम बघ. प्रेम मिळावं म्हणून त्याने पैसे दिले नाहीत, प्रेम मिळालं म्हणून पैशावरची त्याची मूठ सुटली.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. एवढी विदुषी बाई, आणि हे मोकळेपणाने सांगते. ज्यांच्या हातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं त्या रमाबाईंची ही गत, तर चार पिढ्या आणि संडेस्कूल यांच्या आधाराने तुला-मला तारण मिळेल असं नाही. आणि पाटल्यांपायी ते हातचं जाईल असंही नाही.

पुण्याला प्रायश्चित्त हा शब्द नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्या माणसांच्या प्रायश्चित्तावरून हे शहर कितीतरी दिवस घुसळत राहिलं. प्रायश्चित्त बाहेरून करून मोकळं होता येतं. पश्चात्ताप मात्र वळून परत चालणं आहे, आणि तुझी वाट चिंचवडला की हडपसरला, जिथे कुठे तुझी धाकटी राहते, तिथे जाते.

प्रभुभोजनाचं सांगते. तू म्हणतेस ते वचन करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात आहे. मागची चार वाक्यं वाच. तिथे पैसेवाले आधीच खाऊन-पिऊन घेत होते आणि गरीब उपाशी बसत होते. पौल त्या अपमानावर चिडलाय. आणि तो सांगतो ते असं, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून बाहेर थांबावं, असं नाही. तू व्हरांड्यात चपलांपाशी उभी राहतेस आणि आत ताट फिरत असतं, हे चित्र मला बघवत नाही. निर्दोष माणसांसाठी ते ताट ठेवलं असतं, तर ते भरलेलंच परत गेलं असतं.

आईबद्दल माझ्यापाशी औषध नाही. ती विचारायची आणि तू "हो" म्हणायचीस, ते आता तिच्यापुढे बदलता येणार नाही. ते दुःख राहील. फक्त दुःखाला दोष समजू नकोस. दोष मिटलाय. दुःख मात्र आईवरच्या मायेचं आहे, ते असू दे. ती प्रभूमध्ये झोपली असेल तर तिला आता पाटल्यांची काळजी नाही.

आता माझी एक गोष्ट. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे. माझ्या जाऊबाईंनी लग्नानंतरच्या वर्षांत माझ्याबद्दल सासूबाईंना एक खोटं सांगितलं होतं. त्याने माझी त्या घरातली पंधरा वर्षं कडू झाली, आणि कारण मला कळलंच नाही. सासूबाई गेल्यावर एका दुपारी जाऊबाई आल्या. मी सुपात लसूण सोलत होते. समोर बसून त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. "माफ कर" असंही लगेच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मी केलं. तुला माहीत असायला हवं." मी काय केलं असेल? सूप उचललं आणि आत निघून गेले. पुढे अकरा महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. रागाने मी उपासनेतसुद्धा दुसऱ्या बाकावर बसायचे. प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आलं की माझा आवाज बसायचा. शेवटी एकदा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बोलले काहीच नाही, गीतपुस्तक दोघींत धरलं. आज मी सांगू शकते की त्या अकरा महिन्यांत देव त्यांच्यावर नाराज नव्हता. त्यांची क्षमा माझ्या मर्जीवर लटकलेली नव्हती. आणि मला राग यायचा हक्क त्यांनी दिला, यासाठीही मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी तेव्हाच क्षमा मागितली असती तर मी तोंडदेखलं "हो" म्हटलं असतं आणि आतून कुढत राहिले असते.

म्हणून तुला सांगते, जा. नाताळात नको, घर भरलेलं असताना नको, फोनवर नको, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. आधी मिस्टरांना सांग, ही रक्कम तुमच्या दोघांच्या संसारातून जायची आहे. मग एकटी जा. पहिल्या दोन मिनिटांत सांग, चहा होईपर्यंत थांबू नकोस. "आईने विकायला लावल्या" हे खोटं होतं, हे वेगळं आणि स्पष्ट सांग, कारण तिला पाटल्यांपेक्षा ते जास्त लागेल. आईने आपल्यासाठी ठेवलेलं पुन्हा काढून घेतलं, असं ती सात वर्षं समजत आली असेल. तिला तिची आई परत दे. मुलाच्या फीचं कारण तिने विचारलं तरच सांग. आणि "देवाने मला क्षमा केलीय" हे वाक्य तिच्यापुढे उच्चारू नकोस. खरं असलं तरी त्या खोलीत ते तिच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल.

परतफेड वजनाने कर. तेव्हाच्या रुपयांनी नको, चार तोळे म्हणजे चार तोळे. आज एकदम झेपणार नाही, तर सोनाराकडे तिच्या नावाची भिशी लाव आणि पहिला हप्ता भरूनच जा, म्हणजे तुझा शब्द कोरडा राहणार नाही. ती म्हणाली "नको मला काही", तरी भिशी चालू ठेव. ती ओरडली तर ऐकून घे. गप्प राहिली तर जास्त जड जाईल, तेही सोस. महिने लागतील, कदाचित वर्षं. तोवर रात्री झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमी विश्वास दिसत नाही.

संडेस्कूल सोडू नकोस. पुढच्या वेळी जक्कय शिकवशील तेव्हा मुलांना झाडावरून उतरल्यानंतरचा भाग सावकाश सांग.

आणि ती पावती आता स्तोत्रातून काढ. जाताना पर्समध्ये ठेव आणि तिच्या हाती दे. लिलावात गेलेल्या वस्तूचा तेवढाच एक कागद उरलाय, आणि तो तिचा आहे.

तुझी,
मावशी